गाडी उभी असताना: हेवी लायसन्स हातात आल्यावरचे पहिले सहा महिने

लायसन्स पोस्टाने घरी आलं तेव्हा आईने ते आधी देवापुढे ठेवलं, मग माझ्या हातात दिलं. त्यानंतर चौथ्या दिवशी मी निफाडजवळच्या एका गावात, शाळा आणि पिठाची गिरणी यांच्यामधल्या बोळात, दहाचाकी गाडी आडवी घालून घाम पुसत बसलो होतो. टेस्टला मैदानात रिकामी गाडी पुढे-मागे करून दाखवली होती. इथे पाठीवर सोळा टन कांदा होता आणि आरशात सगळं गाव.

ती गाडी उस्तादने, म्हणजे मला शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरने, दहा मिनिटांत बाहेर काढली. पण खरे फटके मला पुढे बसले, आणि त्यातले बहुतेक गाडी उभी असतानाच बसले: कुठे सही करताना, कुठे काट्यावर, कुठे ताडपत्री बांधायचा कंटाळा केला म्हणून. स्टिअरिंग हळूहळू हाताला येतंच. बाकीचं कुणी मुद्दाम शिकवत नाही, म्हणून हा लेख.

१. कार्डावरच्या दोन तारखा वाचा

आपल्या लायसन्सवर वैधतेच्या दोन तारखा असतात. एक साध्या गाड्यांसाठी, दुसरी ट्रान्सपोर्टसाठी. साध्या गाडीची तारीख लांबची असते, कधी कधी वयाच्या चाळिशीपर्यंतची. ट्रान्सपोर्टची वैधता २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर पाच वर्षं झाली, त्याआधी तीनच होती. नवा पोरगा लांबची तारीख बघून निर्धास्त राहतो आणि नाक्यावर साहेब बोट ठेवून दुसरी दाखवतो. ट्रान्सपोर्टची तारीख उलटली असेल तर दंड ही छोटी गोष्ट. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून ‘सारथी’ या सरकारी वेबसाइटवर करता येतो. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत होती, ती आता नाही. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो, तो कुठल्या तरी दुकानातून शिक्का मारून आणू नका. डोळे खरोखर तपासून घ्या. रात्री समोरच्या दिव्यांभोवती पिसारा दिसत असेल तर तो तुम्हालाच दिसणार आहे, डॉक्टरांच्या शिक्क्याला नाही.

जे अजून रांगेत आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ लायसन्ससाठी वय वीस पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. ज्याला फक्त छोटा हत्ती किंवा पिकअप चालवायची आहे त्याला वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर मालाची गाडी चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ ला दिला आहे. आणि पेट्रोल, गॅस, अ‍ॅसिडचा टँकर चालवायचा असेल तर वेगळं प्रशिक्षण घेऊन घातक मालाची नोंद करून घ्यावी लागते. तिची मुदत तीनच वर्षं. ‘एक फेरी मारून ये, कोण बघतंय’ असं कुणी म्हणालं तरी त्या कॅबिनमध्ये चढू नका.

२. कुणाच्या गाडीवर बसायचं

पहिली नोकरी निवडताना सगळे पगार विचारतात. मी सांगेन, आधी बाजूच्या सीटवर कोण असणार ते विचारा. सहा महिने चांगल्या उस्तादबरोबर काढलेत तर हजार-दोन हजार कमी मिळाले तरी चालतील. एकट्याला लगेच लाइनवर पाठवणारा मालक तुमच्यावर विश्वास ठेवतो म्हणून पाठवत नाही, त्याच्याकडे दुसरा माणूस नसतो म्हणून पाठवतो.

लोकल की लाइन? लोकल म्हणजे भिवंडीच्या गोदामांतून मुंबई-ठाण्यात, चाकणहून पुण्यात, सिन्नर-अंबडहून आसपास. रात्री घरी यायला मिळतं, पण गर्दी, प्रवेशबंदीच्या वेळा आणि दिवसाला दहा वेळा रिव्हर्स. हात तयार व्हायला मात्र याच्यासारखी शाळा नाही. लाइन म्हणजे चार-सहा दिवस बाहेर. पैसा बरा, झोप वाईट. माझं मत सरळ आहे: आधी सहा महिने लोकल, मग लाइन. ट्रेलरचा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि हायवा (डाला उचलून माल ओतणारी गाडी) पहिल्या वर्षी नकोच. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं चालतं, आणि हायवाचा डाला उताराच्या किंवा मऊ जमिनीवर वर केला तर गाडी आडवी व्हायला एक क्षण पुरतो.

मालकाला बसण्याआधीच विचारायच्या गोष्टी:

- पगार महिन्यावर की फेरीवर? भत्ता रोजचा किती, आणि गाडी भरायला दोन दिवस थांबली तर त्या दिवसांचा धरणार का?
- डिझेल, टोल, हमाली, पंक्चर यांचा हिशोब पावतीवर की ठोक रकमेवर?
- ऑनलाइन चलन आलं तर कुणी भरायचं? वेगाचं ड्रायव्हरने, कागदाचं आणि वजनाचं मालकाने, असं आधीच बोलून घ्या.
- गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरचा हप्ता भरला आहे का? पॉलिसीवर ती वेगळी ओळ असते, स्वतः वाचा.

ठोक रकमेवर फेरी देणारे बरेच असतात: ‘नागपूरला हे एवढे, वाचलं ते तुझं.’ ऐकायला गोड वाटतं. मग आपण टोल वाचवायला आडरस्ता धरतो, जेवण टाळतो, झोप टाळतो. पहिल्या वर्षी पावतीवरचा हिशोबच मागा.

मूळ लायसन्स मालकाकडे ‘ठेवायला’ देऊ नका. छायाप्रत द्या. आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या व्हाउचरवर सही नाही, कितीही घाई असली तरी. स्वतःची गाडी हप्त्यावर घ्यायचा विचार तर पहिली दोन वर्षं डोक्यातून काढून टाका. हप्ता दर महिन्याला येतो. परतीचं भाडं येईलच असं नाही.

३. गाडीची फाइल

किल्ली हातात घेतली की आधी फाइल मागायची. मी दर वेळी या क्रमाने बघतो:

- आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद): गाडीचं भरलेलं एकूण वजन किती मंजूर आहे तो आकडा पाठ करा
- विमा: तारीख
- फिटनेस: आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, त्याहून जुनीला दर वर्षी
- परमिट: राज्याबाहेर जायचं तर नॅशनल परमिट आणि त्याचं चालू वर्षाचं ऑथरायझेशन
- टॅक्स आणि पीयूसी
- फास्टॅग: चालू आहे का, त्यात पैसे आहेत का
- मालाचे कागद: बिल, बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल-पावती), ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद)

लायसन्स, आरसी, विमा वगैरे डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये असेल तर ते चालतं, नियमात २०१८ पासून तशी सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो मात्र त्यात मोडत नाही. पुष्कळ पोरं तिथेच फसतात.

ई-वे बिल नीट समजून घ्या, कारण गाडी अडकते ती बहुतेक वेळा त्याच्यावर. ५० हजारांवरच्या मालाला ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशोब. भिवंडीहून नागपूर सातशेच्या घरात जातं, म्हणजे चार दिवस. घाईत चार म्हणजे भरपूर वाटतात, पण गोदामात गाडी दीड दिवस उभी राहिली, वाटेत क्लच गेला, की संपले. मुदत संपण्याआधी आठ तास आणि संपल्यानंतर आठ तास एवढ्यातच ती वाढवून घेता येते. म्हणून गाडी बंद पडल्यावर मेकॅनिकला फोन करण्याआधी ट्रान्सपोर्ट ऑफिसला फोन. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नवा गाडी नंबर चढवल्याशिवाय ती गाडी हलवायची नाही. बिलावरचा गाडी नंबर आणि नंबरप्लेट एकदा बोटाने जुळवून बघा. माझ्या ओळखीतला एक जण ६ च्या जागी ८ पडला म्हणून संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या कडेला बसला होता.

४. भरताना: मोजणी, काटा, सही

इथे माझं स्वतःचं दुखणं सांगतो. पहिल्याच महिन्यात एका गोदामात पशुखाद्याच्या गोण्या भरत होत्या. दुपारची वेळ, जेवण राहिलेलं. मी कॅबिनमध्ये आडवा झालो. हमालांच्या मुकादमाने उठवलं, ‘चारशे दहा झाल्या, सही कर.’ केली. उतरवताना मोजल्या तर निघाल्या चारशे चार. सहा गोण्यांचे पैसे माझ्या पगारातून गेले. वादाला जागाच नव्हती, खाली सही माझी होती.

तेव्हापासून गाडी भरताना मी डाल्याजवळ उभा असतो. दर थराच्या गोण्या मोजून खडूने फळीवर आकडा लिहितो. सीलबंद कंटेनर असेल तर आतलं मोजता येत नाही, तिथे सील नंबर बिल्टीवरच्या नंबराशी जुळवायचा आणि सीलचा फोटो काढायचा. फाटकी गोणी, ओला बॉक्स दिसला की सही करण्याआधी बिल्टीवर तसं लिहून घ्यायचं. मुकादम कुरकुर करतो. करू दे.

मग काटा. रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्यावरचं वजन, दोन्ही पावत्या जपून ठेवा. ओव्हरलोडला कायद्यात २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. उतरवायचा कुठे, हमाल कोण आणणार, हे तुमचं तुम्ही बघा. दंड मालक भरेलही, पण ओव्हरलोडवरून लायसन्स निलंबित होऊ शकतं आणि ते तुमचं असतं. ‘सगळेच नेतात’ हे खरं आहे. सगळ्यांच्या गाड्या नाक्यावर उभ्याही दिसतात.

एकूण वजन बरोबर असलं म्हणजे झालं असंही नाही. माल सगळा मागे भरला तर पुढचं चाक हलकं पडतं, स्टिअरिंग तरंगल्यासारखं होतं. एका बाजूला भरला तर वळणावर गाडी कलते. जड माल खाली, मध्ये आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे, असं हमालांना भरायच्या आधी सांगा. नंतर सांगून कुणी माल हलवत नाही.

भरून झालं की ताडपत्री. पुढची कड वर आणि मागची तिच्याखाली, म्हणजे वारा आत शिरत नाही. रस्सा ओढून बांधला तरी माल वाटेत बसतो. कांदा तर फारच बसतो. वीस-तीस किलोमीटरवर एकदा थांबून रस्सा पुन्हा आवळा. हे न केल्यामुळे माझ्या चार गोण्या घोटीजवळ रस्त्यावर पडल्या आणि मागच्या मोटारसायकलवाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. तो वाचला, हे नशीब.

५. चाक फिरण्याआधीची फेरी

माझा उस्ताद सकाळी चहाच्या आधी गाडीभोवती फिरायचा, हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन. प्रत्येक टायरवर एक ठोका. मी विचारलं तर म्हणाला, ‘ऐक फक्त.’ हवा भरलेला टायर टणक वाजतो आणि टॉमी उसळी घेते. बसलेल्या टायरचा आवाज मेलेला. मागच्या जोडटायरमध्ये आतला पंक्चर असला तरी बाहेरचा गाडी तोलून धरतो, डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग सगळं वजन एकावर येतं, तो तापतो आणि पन्नास किलोमीटरवर फुटतो. एकदा ठोकून बघायला प्रत्येक चाकाला दोन सेकंद लागतात.

फेरीत काय बघायचं:

- जोडटायरच्या मधे अडकलेला दगड. टॉमीने काढा. वेगात सुटला तर मागच्या गाडीची काच जाते.
- चाकांचे नट. नटाखालून गंजाची तांबडी रेघ ओघळलेली दिसली तर तो नट ढिला आहे.
- कमानीची (चाकावरच्या स्प्रिंगची) पाती तुटली आहेत का, ती आवळणारा यू-बोल्ट हलतो का.
- गाडीखाली तेल, कूलंट किंवा डिझेल ठिबकलंय का.
- एअर टँकच्या ड्रेन कॉकमधून पाणी सोडणं. पाणी टँकमध्ये राहिलं की ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये जातं.
- दिवे, इंडिकेटर, मागची परावर्तक पट्टी. चिखलाने झाकलेली पट्टी रात्री नसल्यासारखीच. ओलं फडकं मारा.
- इंजिन सुरू करून हवेचा काटा वर येऊ द्या, बझर बंद होऊ द्या. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि काटा बघा. तो सरकत खाली येत असेल तर कुठेतरी होज (हवेचा पाइप) गळतोय. सुस्स आवाज शोधा.

बीएस-६ गाडी असेल तर युरियाचा काटाही बघा. युरिया म्हणजे धूर साफ करायचं, वेगळ्या टाकीतलं द्रव, पंपावर त्याला डेफ म्हणतात. तो संपला की इंजिनची ताकद आपोआप कमी होते. घाटाच्या मध्यात ताकद गेलेली भरली गाडी ही काय चीज आहे ते अनुभवायची गरज नाही. युरियाच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत युरिया, ही चूक नव्या ड्रायव्हरकडून होते आणि खर्च पगाराच्या बाहेरचा असतो. झाकणं बघून घ्या, पंपावरच्या पोरावर सोडू नका.

६. घाट उतरताना

या भागावर मी सगळ्यात जास्त लिहिणार, कारण नवा ड्रायव्हर घाट चढायला घाबरतो आणि उतरायला नाही. असायला हवं उलट.

भरल्या गाडीचा उतारावरचा सगळा जोर ब्रेकने धरायचा म्हटलं तर ब्रेकचे लायनर (घासून पकडणाऱ्या पट्ट्या) आणि ड्रम (त्या ज्यावर घासतात ते चाकातलं भांडं) तापतात. ठरावीक तापमानापलीकडे लायनर पकडच सोडतो. पेडल दाबलेलं असतं, हवा असते, आणि गाडी थांबत नाही. लोक म्हणतात ‘ब्रेक फेल झाले.’ बहुतेक वेळा ते फेल होत नाहीत, वरून खाली येईपर्यंत जाळलेले असतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार घाटासारखा दिसत नाही, रुंद आहे, सरळ आहे. म्हणूनच तिथे गाड्या न्यूट्रलमध्ये सोडल्या जातात आणि तिथल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

न्यूट्रलने डिझेल वाचतं हा समज जुन्या गाड्यांबरोबर जायला हवा होता. आजच्या इंजिनात गियर लागलेला असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की डिझेलचा पुरवठा थांबतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल जळतं. वर इंजिनचा अडसर गेला, हवेचा कॉम्प्रेसर मंदावला, आणि किल्ली बंद करण्याचा शहाणपणा केला तर पॉवर स्टिअरिंगही गेलं.

मी पहिल्यांदा कसारा भरल्या गाडीने उतरलो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. इगतपुरीला धुकं. घाट सुरू व्हायच्या अलीकडे उस्तादने गाडी बाजूला घ्यायला लावली.

‘चढताना या घाटात कुठला गियर लागला असता?’

‘तिसरा.’

‘मग तोच टाक. आणि खाली जाईपर्यंत त्याला हात लावलास तर बघ.’

एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून इंजिनलाच वेग धरायला लावणारा ब्रेक, लावला. गाडी रांगत उतरू लागली, मागून हॉर्न. इंजिनचा आवाज चढला की पेडल ठाम दाबायचं, वेग उतरला की पूर्ण सोडायचं. हलका पाय सतत ठेवायचा नाही, त्यानेच ड्रम तापतो. खाली उतरून खर्डीच्या अलीकडे ढाब्यावर थांबलो तर उस्तादने मला प्रत्येक चाकाजवळ नेऊन हाताची उलटी बाजू ड्रमच्या जवळ धरायला लावली, न लावता. मागचं जोडचाक एकच धरून, पाच चाकांपाशी कोमट. मागच्या डाव्या चाकापाशी हात मागे घ्यावा लागला. त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता, स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची ढील जुळवणारा भाग) अडकला होता. तेव्हापासून प्रत्येक घाटाखाली मी चहा मागवतो आणि तो येईपर्यंत हात घेऊन फिरतो.

मध्येच लायनर जळल्याचा वास आला, तर वाट बघू नका. जागा दिसताच डावीकडे थांबा, चाकांना ठोकळे लावा, अर्धा-पाऊण तास गाडी थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडकतो.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आणि इगतपुरीच्या बोगद्यामुळे कसारा टाळता येतो. टोलचा हिशोब करून बरेच मालक अजूनही जुन्या रस्त्याने पाठवतात. समृद्धीची अडचण निराळी आहे. ७०१ किलोमीटर, ना वळण, ना बाजार, ना गुरं. डोळे उघडे राहतात आणि डोकं झोपतं. टायर मात्र झोपत नाहीत, उन्हाळ्यात सलग चालून तापतात. दर दोन तासांनी थांबून एक ठोका-फेरी.

७. झोप

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून कागदावर दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आहे. रस्त्यावर काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी एक गोष्ट तुमच्या हातात असते: रात्री दोन ते पाच गाडी उभी ठेवा. चहा, तंबाखू, गाणी, तोंडावर पाणी, सगळं करून बघितलंय. वीस मिनिटं टिकतं. आणि ‘गोळी घे, झोप येत नाही’ म्हणणारा ढाब्यावर भेटेल, त्याच्या टेबलावरून उठा.

झोपायला महामार्गाची कड निवडू नका. पंप, ट्रक टर्मिनल, गजबजलेला ढाबा. डिझेल टाकीचं झाकण दिव्याच्या बाजूला येईल अशी गाडी लावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकला एसी कॅबिन सक्तीची आहे. आपल्या वाट्याला ती गाडी येईपर्यंत मच्छरदाणी.

८. टोल, नाका, चलन

फास्टॅगमध्ये पैसे नसले किंवा तो बंद असला तर नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने सव्वापट आणि रोखीने दुप्पट टोल असा नियम आला. निघण्याआधी शिल्लक बघा. द्रुतगती मार्गावर डावी लेन धरा, कॅमेरे आहेत. शहरात अवजड गाड्यांच्या प्रवेशबंदीच्या वेळा असतात आणि त्या बदलतात, म्हणून माल घेणाऱ्यालाच फोन करून विचारा.

नाक्यावर आधी गाडी बाजूला, इंजिन बंद, फाइल हातात, आणि खाली उतरून ‘साहेब’ म्हणून बोला. अर्धं काम तिथेच होतं. कॅबिनमध्ये अनोळखी माणूस घेऊ नका, मालाच्या गाडीत प्रवासी नेण्यावरूनही लायसन्सवर कारवाई होते. ओळखीच्या गावचा असला तरी.

९. गाडी बंद पडली किंवा ठोकर झाली

बंद पडली तर मागे दगड आणि झाडाच्या फांद्या टाकून निघून जाणारे आपल्यातच आहेत. त्रिकोण लावा, दिवे लुकलुकत ठेवा, आणि दुरुस्त झाल्यावर ठोकळा-दगड रस्त्यावर सोडू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ ला फोन.

ठोकर झाली तर क्रम असा: इंजिन बंद, जखमीकडे बघा, १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस, मग मालक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला मदत मिळवून देणं ड्रायव्हरचं काम आहे. जमाव अंगावर येत असेल तर त्याच कलमात सूट आहे. तिथून निघा, पण जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि स्वतः सांगा. फार तर चोवीस तासांत, पण खरं तर लगेच. ११२ चा फोन केल्याची वेळ तुमच्या मोबाइलमध्ये राहते, तो पुरावा आहे. भारतीय न्याय संहितेतल्या १०६ (२) वरून जानेवारी २०२४ मध्ये देशभर गाड्या उभ्या राहिल्या होत्या. न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं ते कलम १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू करताना बाजूला ठेवलं गेलं. ते असो वा नसो, पळालेल्या ड्रायव्हरची बाजू कुणी ऐकत नाही.

बँक खात्यातून पंतप्रधान सुरक्षा विमा सुरू करून घ्या. वर्षाला २० रुपये आणि अपघाती मृत्यूला दोन लाख. रक्कम मोठी नाही, पण आईला सांगता येतं.

१०. कॅबिनमध्ये काय असावं

जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड फळी (चिखलात जॅक एकटा खाली जातो), व्हील पाना आणि लांब पाइप, टॉमी, दोन लाकडी ठोकळे, दोन त्रिकोण, टॉर्च, फ्यूज आणि बल्ब, व्ही-बेल्ट, होजचा तुकडा आणि क्लिप, जादा रस्सा, सुई-सुतळी फाटक्या गोण्यांसाठी, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, रिफ्लेक्टर जाकीट, पाच लिटर पाणी, औषधं, चार्जर.

आणि एक दोनशे पानी वही. मोबाइलमध्ये नको, मोबाइल बंद पडतो आणि मालकाला दाखवायला वही बरी असते. प्रत्येक फेरीला एक पान. तारीख, कुठून कुठे, निघताना आणि पोचल्यावर किलोमीटर, अ‍ॅडव्हान्स, डिझेलचे लिटर आणि पंप, टोल, हमाली, गाडी गोदामाच्या दारात कधी लागली आणि कधी खाली झाली, पोच पावती कुणी घेतली त्याचं नाव. पान संपलं की पावत्या तिथेच टाचणीने लावायच्या.

गेल्या दिवाळीआधी हिशोबाला बसलो तेव्हा मुनीम म्हणाला, जुलैतल्या वाशीच्या फेरीचा भत्ता दिलेला आहे. मी वही काढली. १७ जुलै, गाडी दारात सकाळी ६.४०, खाली दुसऱ्या दिवशी दुपारी २.१०, पाऊस, हमाल नाहीत. खाली गोदामाच्या वॉचमनची सही. मुनीमने चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं आणि दोन दिवसांचा भत्ता काढून टेबलावर ठेवला.